एफ-सातचा म्हसोबा

संपत कोकरे, म्हणजे आमचे आबा, कुणाच्याही घरी गेले की आधी दाराची चौकट हलवून बघतात आणि मग रामराम घालतात. कासुर्डीच्या त्यांच्या स्वतःच्या घरात लोक कॅलेंडर लावतात त्या खिळ्याला ओळंबा टांगलेला असतो. धाकट्या लेकीच्या, नीलमच्या लग्नात नवरदेव घोड्यावरून उतरला तरी हा गृहस्थ मांडवाच्या खांबांना ओळंबा लावत फिरत होता. दोन खांब तिरके निघाले. ते उपटायला लावले, पुन्हा रोवायला लावले, आणि या सगळ्यात मुहूर्त टळला. व्याही मंडळी अजूनही तो विषय काढतात. मांडव पडला नाही हे खरं. पण तो तिरक्या खांबांवरही पडला नसता असं व्याह्यांचं म्हणणं, आणि पडेपर्यंत कुणालाच काही सिद्ध करता येत नाही, हेच आबांच्या धंद्याचं दुखणं आहे.

धंदा गोदामातले रॅक दुरुस्त करण्याचा. स्वयंपाकघरात भांड्यांची मांडणी असते, तीच चार पुरुष उंच करायची आणि भांड्यांऐवजी प्रत्येक फळीवर टनभर माल ठेवायचा, म्हणजे रॅक झाला. उभे लोखंडी खांब, त्यांत अडकवलेले आडवे बीम, दोन खांबांमध्ये एक खण. फोर्कलिफ्टवाला वळताना खांबाला ठोसा देतो, खांब वाकतो, आणि वरचा माल मुकाट्यानं बसून असतो. सोलापूर हायवेला आणि तिकडं शिरूरच्या बाजूला ऊस मोडून इतकी गोदामं उभी राहिली की वाकलेल्या खांबांना तोटा नाही. आबांचे वडील मेंढरं घेऊन रानोमाळ फिरले. आबांनी चाकणला रॅक उभारणाऱ्या टोळीत बारा वर्षं काढली, आणि आता मोटारसायकलला एक मीटरची ॲल्युमिनियमची पट्टी बांधून गोदामं फिरतात. पट्टी खांबाला टेकवायची आणि मधली फट मोजायची. पाच मिलिमीटरपर्यंत हिरवी चिठ्ठी. त्यापुढं पिवळी. दहाच्या पुढं गेली की लाल, म्हणजे त्याच घटकेला दोन्ही बाजूंचे खण रिकामे करायचे आणि नवा खांब बसेपर्यंत तिथं पेनसुद्धा ठेवायचं नाही.

आता माझं सांगतो. मी मूळ शिरूरचा, आणि कुरकुंभच्या अलीकडं सर्जेराव दादांचं गोदाम आहे तिथं स्टॉक बघतो. दर महिन्याला रॅकची तपासणी करून रजिस्टरमध्ये सही करणं हेही माझंच काम. ती तपासणी मी खुर्चीतून करायचो. खुर्चीतून सगळे खांब सरळ दिसतात.

सर्जेराव दादा एकेकाळचे सरपंच. बोलताना माणसाच्या खांद्यावर हात ठेवतात आणि काम झालं नाही तरी माणूस खूश होऊन जातो. त्यांचा पुतण्या सत्यजीत आमचा मॅनेजर. पुण्यात शिकून आला आणि येताना लॅपटॉपमध्ये सिस्टीम घेऊन आला. त्या सिस्टीमला विचारल्याशिवाय गोदामात साबणाची वडी हलत नाही. आमच्याकडं माल फरशी पुसायच्या आणि संडास धुवायच्या औषधांचा. दसरा ते दिवाळी सगळा महाराष्ट्र घर धुवायला काढतो, तेव्हा आम्हाला पाय ठेवायला जागा नसते.

नेमक्या त्याच दिवसांत आबांची पट्टी एफ लाइनच्या सातव्या, म्हणजे एफ-सातच्या खांबाला लागली. फट अकरा भरली. आबांनी खांबाचा रंग नखानं खरवडला तर आतून खड्डे बुजवायचं पुटीन निघालं. सत्यजीतनं मे महिन्यात हायवेवरच्या एका फॅब्रिकेटरला बोलावून तो खांब गॅसनं लाल करून हातोड्यानं ठोकून घेतला होता. वर पुटीन, त्यावर निळा रंग, अगदी ट्रॅक्टरचं मडगार्ड करतात तसं.

"तापवलेलं लोखंड हाय हे सायेब," आबा म्हणाले. "खांबाचा जीव गेलाय. आता नुसता उभा हाय." मला सायेब म्हणणारे गोदामात ते एकटेच होते.

"काका, बट इट इज स्टँडिंग ना?" सत्यजीत म्हणाला. "सीझन होऊ द्या. आत्ता सहा टन माल मी काढून ठेवू कुठं? सिस्टीम दुसरं लोकेशन देतच नाहीये."

"सिस्टीमला सांगा, खांब पडल्यावर ती लोकेशन देणार न्हाई, बातमी देईल."

सत्यजीत हसला. आबांनी लाल चिठ्ठी बांधली, सत्यजीतनं संध्याकाळी ती काढली. दुसऱ्या दिवशी आबांनी परत बांधली. हा खेळ आठवडाभर चालला. नवा खांब तोवर येऊन पडला होता, फाटकाजवळ, प्लास्टिकमध्ये गुंडाळलेला. मी चहा पिताना त्यावरच बसायचो.

आबांना इतकी घाई का, हे मला उशिरा कळलं. एफ लाइनच्या पुढं बायकांची पॅकिंगची टेबलं होती. संडासाच्या बाटलीला फुकटचा ब्रश चिकटवायचा, असं काम. नीलम सासरहून कंपनीच्या गाडीनं यायची आणि तिसऱ्या टेबलावर बसायची. एफ-सात तिथून पंधरा पावलांवर. आबांनी तिला दुसरीकडं बसायला सांगितलं, तर ती म्हणाली, "आबा, टेबल तितंच हाय. मी काय घरनं टेबल आणू?" तेही खरं होतं.

मग आबांनी जे केलं ते त्यांच्यासारख्या माणसालाच सुचावं. गावातल्या बिरोबाच्या देवळासाठी त्यांनी शिरूरच्या बाजारातून शेंदूर घेतला होता, त्याची पुडी मोटारसायकलच्या डिकीत होती. जेवणाच्या सुट्टीत त्यांनी फोर्कलिफ्टच्या तेलात शेंदूर कालवला आणि एफ-सातच्या खांबाच्या बुडाला गुडघ्याएवढ्या उंचीपर्यंत फासला. हिशेब सरळ होता. बांधावरच्या शेंदरी दगडाला आपल्याकडं कुणी पाय लावत नाही, नांगरसुद्धा वळसा घालून जातो. लाल चिठ्ठीला किंमत नाही तर शेंदराला तरी असेल. फोर्कलिफ्ट लांबून जाईल, माणसं लांब राहतील, तोवर सीझन संपेल.

दोन दिवस अगदी तसंच झालं. फोर्कलिफ्टवाला, जो एरवी खांबांच्या मधून पतंगासारखा जायचा, तो एफ-सातपाशी गाडी थांबवून, हात जोडून, मगच पुढं जाऊ लागला. बायकांनी टेबलं चार हात मागं ओढली. मी आबांना म्हणालो, सेफ्टीचं प्रशिक्षण देणाऱ्या कंपन्यांनी तुमच्याकडं शिकायला यावं. आबा लाजले. खोटं कशाला बोलू, मलाही फार गंमत वाटत होती.

तिसऱ्या दिवशी दगडाबाई आल्या. पॅकिंगच्या बायकांत सगळ्यात थोरल्या, आणि देवाधर्मात त्यांचा शब्द शेवटचा. त्यांनी खांब निरखला आणि सांगितलं, हा म्हसोबा आहे. रानातलं ठाणं होतं, दादांनी वर गोदाम बांधलं, म्हणून देव आता लोखंडातनं वर आला. हे ऐकायला तिथं चौदा बायका होत्या. दुपारी नारळ फुटला. संध्याकाळी दगडाबाईंच्या मुलाला कुरकुंभच्या कंपनीतून पर्मनंट झाल्याचा फोन आला, आणि मग विचारायलाच नको.

आपल्या माणसांना देव लांबून चालत नाही. चार हात मागं गेलेली टेबलं आठवड्यात देवाच्या पायाशी येऊन भिडली. सगळ्याजणी डबे तिथंच उघडायच्या. फोर्कलिफ्टवाला खांबाला घासून गाडी लावायचा, चाकाला शेंदूर लागावा म्हणून. सर्जेराव दादा येऊन डोकं टेकवून गेले, त्याच दुपारी मोठी ऑर्डर आली, तर दुसऱ्या दिवशी गवंडी हजर. खांबाच्या बुडाला जे चार बोल्ट त्याला जमिनीत धरून ठेवतात, ते झाकून त्यावर पांढऱ्या टाइल्सचा चौथरा बांधला. सत्यजीतनं त्याचा फोटो पुण्याच्या ऑफिसला पाठवला, खाली लिहिलं, एम्प्लॉयी एंगेजमेंट. आणि नवा खांब बसवायचं कायमचं रद्द केलं. लोकांच्या भावना आहेत म्हणाला. भावनांची सिस्टीममध्ये वेगळी नोंद होते की काय, मला माहीत नाही.

या सगळ्यात गोदामातली सगळ्यात धोक्याची जागा सगळ्यात गर्दीची जागा झाली होती, आणि ती आबांनी आपल्या हातानं केली होती. ते रोज येऊन पट्टी लावायचे. लोकांना वाटायचं हीही काही पूजाच. अकराचे तेरा झाले. तेराचे सोळा झाले. सोळा झाले त्या दिवशी त्यांनी पट्टी खाली ठेवली आणि नीलमच्या टेबलाकडं बघत राहिले. ती बाटलीला ब्रश चिकटवत होती, तिच्या डोक्यावर बरोबर तिसऱ्या मजल्याचं, खोक्यांनी लादलेलं लाकडी पॅलेट होतं. मी हा माणूस घाबरलेला पहिल्यांदा बघितला.

दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुट्टीत ते सगळ्यांसमोर उभे राहिले. दादा आरतीसाठी आलेच होते.

"ह्यो शेंदूर म्या फासलाय," आबा म्हणाले. खिशातून पुडी काढली, तिच्यावर शिरूरच्या दुकानाचं नाव होतं. "देव न्हाई हितं. खांब मेलेला हाय. तुमी लांब राहावं म्हणून म्या लबाडी केली. चूक झाली माजी. पाया पडतो, उठा हितनं."

कुणीच उठलं नाही. दगडाबाईंनी पुडी हातात घेतली, कपाळाला लावली आणि म्हणाल्या, "मंग? देवाला काय हात हाईत? कुणाच्या तरी हातनंच करून घेतो त्यो."

"संपतराव, भाग्यवान आहात," सर्जेराव दादांनी त्यांच्या खांद्यावर हात ठेवला. "एवढी वर्षं आम्ही इथं, पण देवानं निवडलं तुम्हाला."

फोर्कलिफ्टवाल्यानं खांबावरचा हार काढून आबांच्या गळ्यात घातला. मी हसत होतो. हसता हसता आबांच्या तोंडाकडं लक्ष गेलं. झेंडूचा हार गळ्यात, आणि डोळ्यांतून पाणी. दगडाबाई बाकीच्यांना म्हणाल्या, बघा, अंगात येतंय. मला त्या घडीला माझीच लाज वाटली. या सगळ्यांत खांब मेलाय हे आबांशिवाय मला एकट्याला पटलं होतं, आणि मी तोंड उघडलं नव्हतं. नोकरीचा प्रश्न होता, असं मी मनाला सांगत होतो.

आबांनी हार काढला नाही. बाहीनं डोळे पुसले, मान वर केली आणि खांबाच्या वर बघत राहिले. मग अगदी साध्या आवाजात विचारलं, "दादा, देवाच्या डोक्यावर काय ठेवलंय?"

"माल आहे," दादा म्हणाले.

"कसला?"

दादांनी सत्यजीतकडं बघितलं. सत्यजीतनं लॅपटॉपकडं बघितलं. उत्तर लॅपटॉपमध्ये बघायची काही गरज नव्हती, खोक्यांवर हातभर मोठं चित्र छापलेलं होतं. पांढरंशुभ्र कमोड, चकाकणारं. एका खोक्यावर एक, एका पॅलेटवर चाळीस, तिन्ही मजल्यांवर दोन्ही बाजूंना.

"संडासाचं ॲसिड हाय," आबा म्हणाले. "म्हसोबाच्या डोक्यावर. तुमी आरती करताय खाली आन् वर तीन मजले संडास. माजं काय न्हाई दादा, म्या निमित्तमात्र. पर कोप झाला तर पयला कुणावर व्हईल, तुमीच बघा."

दगडाबाईंच्या तोंडचं पाणी पळालं. दादांनी खांद्यावरचा हात काढून घेतला. मग दादा जे ओरडले ते मी इथं लिहीत नाही, पण सिस्टीमला ते ताबडतोब समजलं. जी सिस्टीम तीन आठवडे एक लोकेशन देत नव्हती तिनं बारा दिली. खोकी पार्किंगमध्ये गेली, दादांच्या केबिनमध्ये गेली, सत्यजीतच्या गाडीच्या डिकीत गेली. सत्यजीत स्वतः हातगाडा ओढत होता, पायात चप्पल नाही, देवाचं काम म्हणून. आबा मधोमध उभे राहून हुकूम सोडत होते. आधी वरचा मजला, मग खालचा. बायका गेटबाहेर. फोर्कलिफ्ट सावकाश. "देवाला धक्का लागंल," एवढं म्हटलं की पुरे होत होतं. सहा टन माल चाळीस मिनिटांत निघाला. माणसं मरतील म्हणून सांगितलं तेव्हा तो तीन आठवड्यांत निघाला नव्हता.

खण रिकामे झाल्यावर आबांनी मला हाक मारली. चौथऱ्याच्या वीतभर वर, पुटीन होतं तिथं, त्यांनी खांबावरचा शेंदूर बोटानं पुसला. आडवी चीर होती. माझ्या बोटाचं नख सहज आत गेलं. आबांनी खांबाला दोन बोटं लावून ढकललं, आणि तो हलला. ज्यावर घटकाभरापूर्वी सहा टन वजन आणि ज्याच्याखाली चौदा बायका होत्या, तो खांब दोन बोटांनी हलला. आबांनी फक्त विचारलं, "रजिस्टरला सही कुणाची आस्ती सायेब?" ते त्यांना चांगलं माहीत होतं. त्यानंतर मी खुर्चीतून तपासणी केलेली नाही. चांगला माणूस झालो म्हणून नव्हे, ते नख अजून आठवतं म्हणून.

नवा खांब त्याच संध्याकाळी बसला. जुना टाकायचा कुठं हा प्रश्न आला, तर दगडाबाईंनी निवाडा दिला की देवाला मोकळ्या हवेत ठाणं पाहिजे. आबांनी ग्राइंडरनं शेंदूर लावलेला भाग कापून काढला. कापण्याआधी त्यांनी पायातलं पायताण काढून हात जोडले. मी विचारलं, तुम्हीच फासलेला ना शेंदूर? तर म्हणाले, "फासला म्याच. पर आता इतक्या जणांनी हात जोडलेत, तर म्या एकट्यानं कशाला ऱ्हावं?" तो तुकडा फाटकाजवळच्या लिंबाखाली उभा केला. टाइल्स तिकडं गेल्या. बायका जाता-येता नमस्कार करतात, आणि जेवायला कँटीनमध्ये बसतात.

कागदोपत्री खांब बदलल्याची नोंद करायची होती. फॉर्मवर एक रकाना असतो, बदलण्याचं कारण. सत्यजीतनं विचार करून लिहिलं, धार्मिक. खाली तपासणाऱ्याची सही माझी.

गोष्ट इथं संपायला हरकत नव्हती. पण पंधरा दिवसांनी गोदामात एक खोकं आलं. त्यात पिवळ्या रंगाचा जाड लोखंडी गार्ड होता, खांबाच्या बुडाला बसवतात तो, फोर्कलिफ्टची धडक खांबाऐवजी यानं खायची. आमच्या रॅकच्या टोकाचे चौदा खांब उघडे आहेत. त्यांना गार्ड बसवा म्हणून आबा तीन वर्षं लेखी देत होते आणि दादा तीन वर्षं त्यांच्या खांद्यावर हात ठेवत होते. आबांनी खोकं उघडलं, गार्डवरून हात फिरवला आणि विचारलं, पहिला कुठं बसवू, नीलमच्या टेबलापाशी?

"छे छे," दादा म्हणाले. "म्हसोबाला बसवा. ट्रक रिव्हर्स घेताना धक्का लागायचा देवाला."

आबांनी तो बसवला. चार बोल्ट, चारही पूर्ण आवळलेले, ओळंबा लावून. आमच्या सबंध गोदामात गार्ड असलेला खांब तो एकच, आणि त्याच्या डोक्यावर लिंबाच्या पाल्याशिवाय कसलं वजन नाही. दादांनी हात जोडले. बायकांनी हात जोडले. आबा पाना हातात घेऊन तसेच आत गेले. मी मागून गेलो. ते रॅकच्या टोकांवरून हिंडत होते आणि प्रत्येक उघड्या खांबापाशी थांबून बोटांवर मोजत होते. चौदाव्यापाशी ते वळले.

"शनवारी शिरूरला जाणार न्हवं तुमी?" त्यांनी मला विचारलं. "येताना त्या दुकानात इचारा, शेंदूर किलोनं देतो का म्हणावं."